अडतीस बिल्ले

ती घटना आठवायला मला काही करावं लागत नाही. कुणी बोट हवेत नाचवत माणसं मोजायला लागलं, 'एक, दोन, तीन' म्हणायला लागलं, की ती आपोआप पुढ्यात येऊन उभी राहते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पोटच्या पोराने बापाचा गळा आवळलेला पाहिला. त्यातलं पुष्कळसं आता विसरलो. हे प्रकरण मात्र वयाबरोबर पुसट व्हायचं नाव घेत नाही.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात. वडील हवाई दलात होते, बदली होऊन चंदीगडला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. मी इथल्याच पोलीस दलात भरती झालो आणि इन्स्पेक्टर होऊन बाहेर पडलो. ठाण्यात दिवसभर हिंदी-पंजाबी, घरी मराठी. त्यामुळे चंदीगड, मोहाली आणि पंचकुला या ट्रायसिटीतल्या मराठी कुटुंबात काही लहानमोठं घडलं की लोक आधी माझा नंबर फिरवायचे. भांडी घासणाऱ्या बाईच्या व्हेरिफिकेशनपासून सोडचिठ्ठीपर्यंत सगळं माझ्याकडे यायचं.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती तेव्हाची गोष्ट. मी दक्षिणेकडच्या एका ठाण्याचा एसएचओ, म्हणजे ठाणेप्रमुख होतो. सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला एक मराठी नवरा-बायको आले. नवरा केंद्र सरकारच्या खात्यात इंजिनिअर, चाळिशीतला, सांगलीकडचा. बायकोने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"साहेब, आबा आले नाहीत," तो म्हणाला. "माझे वडील. काल सहलीला गेले होते, हिच्या आणि आमच्या मुलीबरोबर."

हकीकत अशी होती. आमच्या मराठी मंडळाची रविवारी एका दिवसाची सहल निघाली होती. हिमाचलच्या हद्दीत, पिंजौरवरून पुढे डोंगरात दोन-अडीच तासांवर एक जुनी खाण आहे. संस्थानी काळातली, पाटीच्या दगडाची. तिथून घरांच्या छपरांना दगड जायचा आणि शाळेतल्या पोरांना पाट्या. खाण बंद पडून जमाना झाला. आता एका ठेकेदाराने आत दिव्यांची माळ लावली आहे, गाइड ठेवले आहेत, आणि माणशी तिकीट घेऊन लोकांना डोंगराच्या पोटात फिरवून आणतात.

दोन टेम्पो ट्रॅव्हलर गेल्या होत्या. एकीत बायका आणि पोरं, दुसरीत पुरुष. असं कुणी ठरवत नाही, पण आपल्याकडे दर सहलीला असंच होतं. परत येताना आबा पुरुषांच्या गाडीतून पिंजौरला उतरणार होते. तिथे त्यांचा एक पंजाबी मित्र राहतो, कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याच्याकडे मुक्काम करून सोमवारी बसने घरी, असा बेत होता. संध्याकाळी सुनेने फोन लावला तर लागला नाही. आबांना फोन बंद ठेवायची सवय, म्हणून तिने मनावर घेतलं नाही. मित्राला वाटलं, बेत बदलला असेल. सकाळी त्यानेच घरी फोन करून विचारलं, "भाईसाब कल आए नहीं?" आणि मग पळापळ सुरू झाली.

मी सुनेला पहिला प्रश्न तोच विचारला, जो कुणीही विचारेल. "ताई, तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"गाडीत चढताना," ती म्हणाली. "पुरुषांच्या गाडीत."

"नक्की?"

"हो."

मुन्शीने, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाने, मिसिंग रिपोर्ट लिहून घेतला आणि रोजनामच्यात नोंद केली. महाराष्ट्रात जिला स्टेशन डायरी म्हणतात, तो आमचा रोजनामचा. ठाण्यात जे घडतं ते वेळेसकट त्यात येतं. मग मी कर्तव्य म्हणून खाणीवर फोन लावला. सोमवार आणि मंगळवार खाण बंद असते, तिथे एकटा चौकीदार असतो, खाली रस्त्यालगतच्या खोलीत. नंबर मंडळाच्या सेक्रेटरीकडून मिळाला.

या खाणीत एक जुनी पद्धत पाळतात. तोंडाशी लाकडी फळा आहे, त्यावर खिळे, खिळ्यांवर आकडे कोरलेले पितळी बिल्ले. आत जाताना प्रत्येकाने आपला बिल्ला काढून घ्यायचा, बाहेर आल्यावर आपल्या खिळ्यावर परत टांगायचा. कामगारांच्या वेळेपासूनचा हा रिवाज. संध्याकाळी गावातल्या बाया फळ्यापाशी येऊन बघायच्या म्हणे, कुणाचा खिळा रिकामा आहे का.

"फळ्यापाशी जा आणि बिल्ले मोजून सांग," मी चौकीदाराला हिंदीत म्हणालो. "फोन चालू ठेव."

तो धापा टाकत चढ चढला. मग त्याने मला मोजून दाखवलं, मोठ्याने, एकेक करून. मध्ये एकदा लाइन घुमल्यासारखी झाली. मी म्हणालो, "ज़ोर से बोल." तो आणखी जोरात मोजू लागला.

"अड़तीस, जी. पूरे अड़तीस. एक भी कील खाली नहीं."

फळ्यावर खिळे अडतीसच, एका वेळी तेवढीच माणसं आत सोडतात, आणि आमच्या मंडळाची बरोबर अडतीस माणसं आत गेली होती. मी मुन्शीला सांगितलं, लिही: खाणीतून सर्व पर्यटक बाहेर आल्याची खात्री केली. वेळ, बारा वाजून दहा मिनिटं.

तिथे खाण माझ्या डोक्यातून गेली.

दुपारी ठाण्याच्या लँडलाइनवर निनावी फोन आला. बोलणारा त्याच कुटुंबाच्या इमारतीतला असावा. "साब जी, उस घर में बुज़ुर्ग के साथ रोज़ क्लेश होता है. शुक्रवार को लड़का बाप के हाथ से बैग छीन रहा था. मैंने अपनी आँखों से देखा. आप पूछो तो सही."

टीप आली की पोलिसाच्या अंगात वारं शिरतं. निनावी टीप निम्म्या वेळा खुन्नस म्हणून दिलेली असते, हे मला ठाऊक होतं. पण हातात दुसरं काही नसलं की माणूस मिळेल तो दोर पकडतो. पिंजौरला दोन शिपाई फोटो घेऊन पाठवले. बस स्टँड, बाजार, दवाखाने, सीसीटीव्ही. आणि इकडे मुलाला समोर बसवलं.

"शुक्रवारी बॅग का ओढलीत?"

तो लालबुंद झाला. "ते गावाला निघाले होते, साहेब. एकटे. आई गेल्यापासून हेच चाललंय. मला गावाला सोड, मला गावाला सोड. तिथे कोण आहे त्यांचं? शुगर आहे, गुडघे गेलेत. मी नाही जाऊ देणार म्हणालो. यात काय चुकलं माझं?"

"मारहाण?"

"साहेब, वडील आहेत ते माझे!"

हे उत्तर मी कित्येकांकडून ऐकलं होतं, खऱ्यांकडून आणि खोट्यांकडूनही. म्हणून मी त्याला सोडलं नाही. सोमवारची संध्याकाळ त्यात गेली.

पुरुषांच्या गाडीतल्या लोकांचे जबाबही घेतले. इथे माणसांविषयी एक गोष्ट सांगतो, ती कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. आबा गाडीत होते का, असं विचारल्यावर दोघे म्हणाले, ते सुनेबरोबर बायकांच्या गाडीत गेले असतील, गुडघे दुखत होते ना. दोघे म्हणाले, लक्ष नव्हतं. आणि तिघांनी छातीठोकपणे सांगितलं की ते मागच्या सीटवर झोपले होते. खोटं बोलायचं कुणालाच कारण नव्हतं. पण म्हातारा माणूस परतीच्या प्रवासात मागच्या सीटवर झोपतो, हे सगळ्यांना इतकं पटतं की ते डोळ्यांना दिसायलाही लागतं. सून म्हणते चढताना पाहिलं, तिघे म्हणतात झोपलेले पाहिले, फळ्यावर बिल्ले पूर्ण. म्हणजे माणूस पिंजौरनंतर नाहीसा झाला. मी आणि माझी माणसं साप साप म्हणून भुई धोपटत राहिलो.

मंगळवारी सकाळी तलाश-पत्रक छापायचं होतं. वर्णन, फोटो, आधार कार्डाचे तपशील. मी नवरा-बायकोला बोलावलं. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. तो खिडकीकडे तोंड करून बसला. मी आधार कार्ड मागितलं.

सुनेने पर्स उघडली. आधी तिचं स्वतःचं कार्ड निघालं, मग नवऱ्याचं, मग मुलीचं, मग आबांचं. आबांच्या कार्डाबरोबर त्यांच्या चष्म्याचं घर निघालं. मग वारांची नावं लिहिलेला गोळ्यांचा डबा. रविवारी रात्रीच्या खणात दोन गोळ्या तशाच होत्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"सगळं तुमच्याकडेच असतं त्यांचं?" मी विचारलं.

"ते विसरतात, साहेब. कुठे गेलं की मीच घेते सगळ्यांचं. तिकिटं, कार्डं, गोळ्या. माझ्याकडे असलं म्हणजे हरवत नाही."

आमच्या घरीही असंच आहे. सहलीला निघालो की सगळ्यांचं सगळं माझ्या बायकोच्या पर्समध्ये असतं. प्रत्येक मराठी कुटुंबात अशी एक पर्स असते आणि तिच्या भरवशावर बाकीचे हात हलवत फिरतात. हे मनात आलं, आणि मी हातातलं आधार कार्ड खाली ठेवलं.

"ताई," मी म्हणालो, "बिल्ला?"

तिने गोळ्यांचा डबा मिटला.

"आबांचा बिल्ला कुणी टांगला?"

तिचा चेहरा पांढरा पडला. "मी. घरच्यांचे मी आतच गोळा केले होते. गाइड म्हणाला, टोकन तयार ठेवा, बंद करायची वेळ झाली. माझा, मुलीचा, आबांचा, मी तिघांचे एकदम टांगले."

"तेव्हा आबा तुमच्याबरोबर होते?"

"मला वाटलं, पुढे पुरुषांबरोबर गेले."

"आणि गाडीत चढताना?"

ती रडायला लागली. "नाही पाहिलं, साहेब. हे म्हणाले असते, एक माणूस सांभाळता आलं नाही तुला. म्हणून मी..."

नवरा खिडकीपासून वळला. तो काय बोलला ते मी इथे लिहीत नाही.

मी तिला दोष देऊ शकलो नाही. तिने भीतीपोटी एक वाक्य खोटं सांगितलं होतं. मी मात्र तीस वर्षांच्या अनुभवावर पितळेचे तुकडे मोजून घेतले होते.

तिथल्या स्थानिक ठाण्याला फोन केला, चौकीदाराला खाणीच्या तोंडावरची जाळी उघडून आत जायला सांगितलं आणि जीप काढली. मुलगा बरोबर आला. पूर्ण रस्ता तो एकच वाक्य बोलला, "आत थंडी असेल." परवाणूच्या चढाला लागेपर्यंत मी मनातल्या मनात तास मोजत होतो. रविवार दुपार ते मंगळवार दुपार. माणूस जगतो तेवढा, असं मी स्वतःला बजावत होतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा स्थानिक ठाण्याचे लोक तोंडाशीच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी आत गेलो. बाहेर ऊन होतं. आत दहा पावलांवर अंगावर शहारे आले. छत इतकं खाली की मान वाकवूनच चालावं लागतं. भिंती काळ्या, ओल्या, थरांथरांच्या. पहिल्या वळणावर भिंतीला कामगारांनी ओढलेल्या रेघा आहेत, हजेरीच्या. चार उभ्या, एक आडवी. गाइड त्या दाखवतात आणि लोक फोटो काढतात. रविवारच्या एका फोटोत आबा त्या रेघांना बोट लावून उभे आहेत. ते एका बस डेपोत कंट्रोलर होते. आयुष्यभर गाड्यांच्या वेळा लिहिलेला माणूस, त्यांना त्या रेघांचं कौतुक वाटलं असणार. बाहेर पडताना लोक पुढे गेल्यावर ते रेघा पुन्हा बघायला मागे राहिले असावेत. त्या भिंतीलगतच एक दोर बांधलेला आहे आणि दोरापलीकडे खालच्या बोगद्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, अर्ध्या ढासळलेल्या. तिथे ते पडले. तोंडापासून साठ-सत्तर पावलांवर. तिकिटाबरोबर मिळणारं टॉर्चचं हेल्मेट डोक्यावरच होतं. बाकीच्यांनी आपापली हेल्मेटं बाहेर ढिगात टाकली होती आणि ढीग कुणी मोजत नाही.

उजवा पाय मांडीत मोडला होता. ते भिंतीला टेकून बसलेले होते, मनगटावर रेडियमच्या काट्यांचं घड्याळ, खिशात रेंज नसलेला फोन. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की मृत्यू त्याच दिवशी, मंगळवारी सकाळी झाला होता.

मांडीवर पाटीचा एक दगड होता, ताटाएवढा. शेजारी एक किल्ली, कोरून कोरून टोकाला झिजलेली. हिमाचलचा हवालदार टॉर्च धरून म्हणाला, "सर, कुछ लिखा है. अक्षर तो पढ़ लेता हूँ, मतलब नहीं बैठता."

मराठी होतं. पंचनाम्यासाठी मलाच वाचून हिंदीत सांगावं लागलं. मी गुडघ्यांवर बसलो. अक्षर कंट्रोलरचं, ओळीत ओळ. शेवटी शेवटी मात्र अंधारात कोरलेलं, एकावर एक चढलेलं.

रवि ४.२० पडलो. उजवा पाय.
रवि ५.१५ दिवे गेले.
बिल्ला मीच सूनबाईंकडे दिला होता. तिचा दोष नाही.
सोम ७.०० थंडी.
सोम १२.१० वर कोणी आलं. आकडे मोजतंय. हाका मारल्या. गेलं.
सोम ५.०० टॉर्च संपली.
मंगळ ६.३०

मंगळवारच्या वेळेपुढे काही नव्हतं.

हवालदाराने विचारलं, "सर, बारा दस वाली लाइन फिर से बोलिए." मी पुन्हा सांगितली. त्याने लिहून घेतली. माझा आवाज बदलला नसावा, कारण त्याने वर पाहिलं नाही.

चौकीदाराला विचारलं. तो हात जोडून रडत होता. "फ़ोन कान पे था, साब. आप बोले ज़ोर से, तो मैं ज़ोर से गिन रहा था. कुछ आवाज़ तो थी. मैंने समझा अपनी ही गूँज है."

पुढचं कागदोपत्री लवकर झालं. आम्ही झीरो एफआयआर करून प्रकरण हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग केलं. ठेकेदार आणि गाइड यांच्यावर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा लागला. ज्याचा बिल्ला त्यानेच टांगायचा, असं फळ्याच्या वर रंगवलेलं होतं. गाइड रोज ते वाक्य पर्यटकांना वाचून दाखवायचा आणि रोज घाईत मोडू द्यायचा. मी माझ्या रोजनामच्यातली बारा दहाची नोंद स्वतः काढून तपासाला जोडली आणि जबाब दिला. माझे वरिष्ठ म्हणाले, "आपने फ़ोन किया, एंट्री की. और क्या करते?" कागद स्वच्छ होता. त्या स्वच्छ कागदाची मला आजही किळस येते.

चार दिवसांनी, क्रियाकर्माच्या मधल्या दिवसांत, मी त्यांच्या घरी गेलो. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आत नाही आणि बाहेर नाही. नातेवाईक तिच्याशी बोलत नव्हते, हे एका नजरेत कळलं. मुलाला दगडावर काय आहे हे त्रोटक ठाऊक होतं, पूर्ण नाही. माझ्या वहीत मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. मी सगळ्यांसमोर वाचलं, मोठ्याने. 'तिचा दोष नाही' ही ओळ दोनदा वाचली.

सुनेने पदर तोंडात धरला. मुलाने वही माझ्या हातातून घेतली आणि स्वतः वाचली. मग म्हणाला, "सोमवारी बारा दहाला कोण मोजत होतं?"

"चौकीदार," मी म्हणालो. "मला मोजून दाखवत होता. फोनवर मी होतो."

मग सुनेने दारातूनच विचारलं, "साहेब, तुम्हाला काही ऐकू आलं होतं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. कुणी तपासू शकलं नसतं. पण ज्या बाईने भीतीपोटी एक खोटं वाक्य सांगितलं आणि जन्मभराची शिक्षा ओढवून घेतली, तिच्यासमोर मला दुसरं खोटं बोलता येईना.

"आलं होतं, ताई. लाइन घुमल्यासारखी वाटली. मी त्याला जोरात मोजायला सांगितलं."

ती मग आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, इतक्या वर्षांत काय शिकलात? मी संशयिताचे डोळे, टिपेची किंमत, जबाबातली विसंगती, असं काहीबाही सांगतो. ते खोटं नाही. पण खरं शिकलो ते या एका प्रकरणात, तेही उशिरा. पुरावा पूर्ण दिसला की पोलीस माणसाला शोधायचं थांबवतो. आणि हिशोब जुळल्याचं समाधान ज्या क्षणी वाटतं, त्याच क्षणी आपले कान बंद होतात.

मंडळाच्या सहली आजही निघतात. मी पोलीसवाला, म्हणून निघताना मोजणीचं काम माझ्याकडे येतं. लोक घाई करतात, म्हणतात, काका, डोकी मोजा आणि सोडा गाडी. मी डोकी मोजत नाही. यादी हातात घेतो, गाडीच्या दारात उभा राहतो आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारतो. आतून 'ओ' आल्याशिवाय मी पुढचं नाव घेत नाही.